जुन्या पुस्तकांचं दुकान, मेनरोडच्या मागची गल्ली : नक्की जा

परवा पंचवटीतून येताना सहज शिरलो आणि दीड तास तिथेच गेला. दुकान छोटंसं, धूळ भरपूर, दमा असेल तर रुमाल न्या, पण काका कितीही वेळ चाळू देतात, घ्या घ्या करत मागे लागत नाहीत. मला इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा जाडजूड कोश १८० रुपयांत मिळाला, बाइंडिंग थोडं सैल आहे पण पानं सगळी आहेत.

घरी येऊन पहिलाच शब्द बघितला प्रोफेन, म्हणजे अपवित्र. मूळ लॅटिन, प्रो म्हणजे पुढे आणि फॅनम म्हणजे देऊळ, म्हणजे जे देवळाच्या बाहेर, दारासमोर राहिलं ते. शब्दात घाण, पाप असं काहीच नाही हो, फक्त जागा आहे! आणि मला एकदम काळारामाचं दार आठवलं, १९३० साली २ मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं त्या दारासमोर उभी होती, आत घेतलं नाही, पाच वर्षं लढा चालला. बाहेर ठेवायचं आणि मग अपवित्र म्हणायचं. खूप वेळ पुस्तक तसंच उघडं होतं मांडीवर.

त्याच फॅनमवरून फॅनॅटिक आला आणि त्याचंच छोटं रूप फॅन, आपण क्रिकेटचे फॅन म्हणतो ना तोच.

मराठी पुस्तकं मात्र कमी आहेत, काकांनी वाढवावीत. रविवारी दुकान बंद असतं. पाचपैकी साडेचार स्टार.