स्वस्तातला हॅम हँडसेट कोणता घ्यावा: बाओफेंग, क्वानशेंग, येसू का आयकॉम (मराठवाड्याच्या हिशेबानं)

सध्या लई पोरं विचारायलेत की हॅम रेडिओ (परवाना घेऊन छंद म्हणून एकमेकांशी बोलायचा वायरलेस) चालू करायचाय, बजेट कमी आहे, हातात धरायचा सेट कोणता घेऊ. आणि विचारणारे बहुतेकजण यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून आलेले असतात, तिकडं गावोगावी रिपीटर (उंचावर बसवलेला, ऐकलेला सिग्नल पुढं जोरात सोडणारा सेट), बटण दाबलं की कुणीतरी बोलतंच. आपल्याकडं जिंतूर, गेवराई, औसा, सेनगाव असल्या ठिकाणी बसून रिपीटरच्या भरवशावर सेट घेतला तर नुसती खरखर ऐकत बसावं लागतं. म्हणून तिकडचा 'बेस्ट' इकडं बेस्ट असेलच असं नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो, ज्याला घाई आहे त्यानं एवढं वाचून सोडलं तरी चालेल. पहिलाच सेट असेल आणि थोडं टेक्निकल डोकं असेल तर क्वानशेंग यूव्ही-के५. टेक्निकल झंझट नको, ॲक्सेसरीज सहज मिळायला पाहिजेत तर बाओफेंग यूव्ही-५आर. शहरात टॉवरच्या जंगलात राहता आणि गच्चीवर अँटेना लावणार असाल तर पैसे साठवा आणि येसू एफटी-६५आर घ्या. आयकॉम आयसी-व्ही८६ चांगला दणकट सेट आहे पण तो कुणासाठी ते खाली सांगतो. आणि चौघांपैकी काहीही घेतलं तरी थोडे पैसे अँटेनासाठी बाजूला ठेवा, कारण खरा फरक तिथं पडतो, सेटमध्ये नाही.

आता लायसनचं. हे कुणाला ऐकायला आवडत नाही पण हे सेट नुसते जवळ बाळगायलाच आपल्याकडं परवाना लागतो, १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून ही गोष्ट चालत आलेली आहे. एएसओसीची (हॅम ऑपरेटरच्या सर्टिफिकेटची) परीक्षा द्यायची, रिस्ट्रिक्टेड म्हणजे खालच्या ग्रेडला मोर्स (टिकटिक लिपी) लागत नाही, वय १२ पूर्ण पाहिजे, अर्ज सरल संचार पोर्टलवर. पास झालं की व्हीयू३ नं सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव. लातूर-नांदेडवाल्यांना हैद्राबाद जवळ पडतं, तिथली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमेच्युअर रेडिओ ही जुनी संस्था आहे, अभ्यासाची चौकशी तिथं करता येते. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विकणाऱ्यांना वॉकी-टॉकीवरून नोटिसा काढल्या आणि मग नियमावलीच आणली, तेव्हा विकणाऱ्याला सरळ विचारायचं की या मॉडेलचं ईटीए सर्टिफिकेट (उपकरणाची सरकारी मान्यता) आहे का, आणि बिल पक्कं घ्यायचं. टाळाटाळ केली तर दुकान बदला.

आणि एक, ऑनलाइन 'जोडी' म्हणून जे बीएफ-८८८एस विकतात, १६ चॅनेल, स्क्रीन नाही, ते हॅमसाठी घेऊच नका. फक्त यूएचएफ (हॅमला ४३५ मेगाहर्ट्झकडची पट्टी), फ्रिक्वेन्सी दिसत नाही, कंपनीनं कुठले चॅनेल भरून पाठवलेत ते कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय कळत नाही, म्हणजे आपण नेमकं कुणाच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायलोत तेच माहीत नाही. शेतात सालगड्याशी बोलायला म्हणून लोक घेतात, पण परवान्याशिवाय वापरायला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झची वेगळी पट्टी आहे, तीही कमी पॉवरची, आणि तिच्यासाठी सेट पण तसेच वेगळे येतात.

वॉटवर येऊ. दुकानदार पहिलं हेच सांगतो, हा ५ वॉट, तो ७ वॉट, आणि काहीजण तर १० वॉट छापून विकतात. ५ चे ७ केल्यानं समोरच्याला दीड डीबीसुद्धा (डीबी म्हणजे सिग्नलची वाढ-घट मोजायचं माप) जास्त मिळत नाही आणि सिग्नल मीटरचा काटा एक घर वर जायला ६ डीबी लागतात, म्हणजे समोरच्याच्या कानाला फरक शून्य. व्हीएचएफ (हॅमला १४५ मेगाहर्ट्झकडची पट्टी) आणि यूएचएफ साधारण नजरेच्या रेषेत जातं, छातीच्या उंचीला सेट धरला तर क्षितिज ५ किलोमीटरवर संपतं, दोघंही जमिनीवर असतील तर कागदावर १० आणि प्रत्यक्षात मधी ऊस उभा असेल, वस्ती असेल तर दोन-तीन किलोमीटरला पण आवाज तुटायला लागतो. तोच माणूस १० मीटर उंच गच्चीवर गेला की त्याचं क्षितिज १३ किलोमीटरवर सरकतं. म्हैसमाळवर टीव्हीचा टॉवर उगं नाही बांधला. गोदाकाठच्या सपाटीवर पैठण, गंगाखेडकडं हे गणित बऱ्यापैकी जमतं, बालाघाटाच्या बाजूला मात्र मांजरसुंब्याच्या घाटात एक वर आणि एक खाली असेल तर ५ वॉट काय आणि २५ काय, मधी डोंगर आला की आलाच.

आता एकेक सेट.

बाओफेंग यूव्ही-५आर २०१२ पासून आहे, अजून विकतोय, यातच काय ते आलं. दोन्ही बँड (व्हीएचएफ आणि यूएचएफ) चालतात, १२८ चॅनेल, १८०० एमएएचची बॅटरी, टॉर्च, एफएम रेडिओ. मेनू सुरुवातीला वैताग आणतो. रिपीटर भरायचा तर मेनू २५ ला जाऊन मायनस (बोलायची फ्रिक्वेन्सी ऐकायच्या खाली), २६ ला ००.६०० (किती मेगाहर्ट्झनं खाली), १३ ला टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर), मग २७ ला चॅनेल नंबर, आणि हे सगळं वरच्या ओळीवर करायचं, खालच्या ओळीवर असाल तर सगळं करून पण सेव्ह होत नाही आणि माणूस सेट आपटायच्या बेतात येतो. मेनू ७ मधलं टीडीआर पहिलं बंद करा, नाहीतर दोन फ्रिक्वेन्सीवर उड्या मारत राहतो आणि उत्तर भलतीकडंच जातं. कॉम्प्युटर असेल तर चर्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एक्सेलसारखं भरायचं आणि सेटमध्ये टाकायचं, पाच मिनिटांचं काम. फक्त केबल घेताना सीएच३४० किंवा एफटीडीआय चिपची घ्या, स्वस्तातल्या केबलमधी नकली प्रोलिफिक चिप असते आणि विंडोज तिला ओळखतच नाही.

यूव्ही-५आरची खरी ताकद म्हणजे त्याचं सामान. गाडीच्या लायटर सॉकेटमधून १२ व्होल्टवर चालवायचा एलिमिनेटर (बॅटरीच्या जागी बसणारा डबा) मिळतो, म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी किंवा शेतातल्या सोलरची १२ व्होल्ट बॅटरी असेल तर लाइट दोन दिवस गेली तरी सेट चालू. सहा बारके ट्रिपल-ए सेल टाकायचा डबा पण मिळतो. आपल्याकडं हे महत्त्वाचंय. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जे झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको, तेव्हा बाहेरून आलेल्या हॅमवाल्यांनी सेट लावून निरोप पोचवले होते, आणि अशा वेळी चार्जिंगचा डॉक आणि भिंतीतला प्लग कुठून आणणार.

वाईट काय, तर आतली रिसीव्हरची चिप साधी आहे. मूळ अँटेनावर गावात काही वाटत नाही, पण संभाजीनगरात किंवा नांदेडात गच्चीवर मोठी अँटेना लावून हाच सेट जोडला की आजूबाजूचे मोठे ट्रान्समीटर त्याचे कान बधिर करतात, मीटर फुल दाखवतो आणि ऐकू काहीच येत नाही, किंवा एफएम स्टेशनचं गाणं मधीच शिरतं. शिवाय काही पीस असे निघतात की १४५ वर बोलताना दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीवर पण कचरा सोडतात. सगळेच तसे नसतात, पण स्वस्तात नशिबाचा भाग असतो.

क्वानशेंग यूव्ही-के५ बद्दल मी जरा पक्षपाती आहे हे मान्य. किमतीला बाओफेंगच्याच आसपास, २०० चॅनेल, स्क्रीन मोठी, आणि मोठं सुख म्हणजे टाइप-सी नं चार्ज होतो, म्हणजे मोबाइलचा चार्जर, पॉवर बँक, काहीही चालतं. ज्या गावात लाइटीचा टाइम रात्री दोनचा असतो तिथं ही गोष्ट वॉटपेक्षा मोठीय. चार्जिंग हळू होतं आणि त्या टाइप-सीमधून डेटा जात नाही, प्रोग्रॅमिंगला केबल वेगळीच लागते, तेवढं लक्षात ठेवा. पण या सेटचं नाव झालंय ते फर्मवेअरमुळं, म्हणजे सेटच्या आतल्या सॉफ्टवेअरमुळं. लोकांनी ह्याचं फर्मवेअर उघडून नव्यानं लिहिलंय, ते टाकलं की छोटा स्पेक्ट्रम ॲनलायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल ते दाखवणारा आलेख) येतो, सिग्नल किती जोरात येतो ते डीबीएमच्या आकड्यात दिसतं, बॅटरी टक्क्यात दिसते. अँटेना बनवणाऱ्याला तर हे सोनंच, दुसऱ्या गच्चीवरच्या मित्राला बटण दाबायला सांगायचं आणि अँटेना बदलून-बदलून आकडा बघायचा, अंदाजपंचे काही राहत नाही. पण हेच फर्मवेअर कुठंही ट्रान्समिट करायची मोकळीक पण देतं, तेव्हा आपलं १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ, बस, त्याच्या बाहेर पीटीटीला (बोलायच्या बटणाला) हात नाही. रिसीव्हर बाओफेंगसारखाच एका चिपवरचा, मोठ्या अँटेनावर हाही गोंधळतो. आणि पावसाचं म्हणाल तर दोघंही कच्चे, खिशात कॅरीबॅग ठेवा.

येसू एफटी-६५आरच्या एका सेटच्या पैशात बाओफेंगचे चार तरी येतात, मग घ्यायचा कामून? हातात धरला की कळतं. बटणं घट्ट, क्लिप तुटत नाही, आयपी५४ आहे म्हणजे धूळ आणि पावसाचे शिंतोडे सहन करतो, १९५० एमएएचची बॅटरी, दोन्ही बँड, २०० चॅनेल. सिग्नल स्वच्छ सोडतो, दुसऱ्याच्या फ्रिक्वेन्सीवर घाण नाही. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा सोबत चालत संपर्क सांभाळायचा अशी कामं ज्यांना करायचीत, त्यांना दिवसभर धूळ, घाम आणि मधीच पाऊस यात टिकणारा सेट पाहिजे, तिथं दोन हजारवाला नेऊन चालत नाही. एक बारीक गोष्ट, येसूचं अँटेनाचं कनेक्टर बाओफेंगच्या उलट असतं, एकाची अँटेना दुसऱ्याला बसत नाही, आधीच घेऊन ठेवलेल्या असतील तर ॲडॉप्टर लागेल.

आयकॉम आयसी-व्ही८६ मधी फक्त व्हीएचएफ. ७ वॉट, आवाज मोठा आणि खणखणीत, मोटरसायकलवर पण ऐकू येतो, आणि सपाट शेतीच्या भागात तसंही व्हीएचएफच यूएचएफपेक्षा बरं चालतं. मग अडचण काय? ४३५ नाही म्हणजे सॅटेलाइटची निम्मी मजा गेली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅम रिपीटर आहे, वर जायला १४५.९९० आणि खाली ऐकायला ४३७.८००, दोन बँड पाहिजेतच. स्थानकावरून कधीकधी १४५.८०० वर चित्रं सोडतात, ती मात्र आयकॉमवर पण येतील, बाओफेंगवर पण, सेटच्या स्पीकरला मोबाइलचा माइक लावायचा आणि ॲपमधी चित्र उमटताना बघायचं. आणि ज्या गावाच्या पंचवीस किलोमीटरात दुसरा हॅमच नाही त्याच्यासाठी तर आकाशातून जाणारं स्थानक हाच रिपीटर. म्हणून एकट्या पडलेल्यानं सिंगल बँड घेऊ नये. चार-पाच जणांचा ग्रुप एकाच तालुक्यात असेल तर बिनधास्त घ्या.

आता वाचवलेल्या पैशाचं काय करायचं. सेटसोबत येणारी बोटभर रबरी अँटेना म्हणजे नाइलाज असतो. पहिला उपाय फुकटचा, घरातल्या वायरिंगची ४९ सेंटिमीटर वायर घ्या, एका टोकाचं इन्सुलेशन काढून अँटेनाच्या बुडाशी जो धातूचा गोल भाग असतो तिथं गुंडाळा आणि वायर खाली लोंबू द्या, आतल्या मधल्या पिनेला मात्र शिवू देऊ नका. १४५ ला पाव तरंगलांबी तेवढीच येते, आणि सेटला जी 'जमीन' मिळत नसते ती ह्या शेपटानं मिळते. दिसायला येड्यासारखं दिसतं, पण समोरचा म्हणतो आता क्लिअर आलं. दुसरा उपाय गच्चीवर बांबूला तांब्याच्या नळीची किंवा फीडर वायरची जे-पोल (इंग्रजी J च्या आकाराची उभी अँटेना). इथं केबल आखूड ठेवा, कारण १० मीटर आरजी-५८ (पातळ अँटेना केबल) मधी १४५ ला ५ वॉटातले साधारण ३ च वर पोचतात आणि ४३५ ला निम्म्याहून जास्त केबलच खाते. आणि मृगाच्या टायमाला ढग वाजायला लागले की केबल काढून खिडकीबाहेर टाकायची, आपल्याकडं विजेनं दरवर्षी माणसं-जनावरं जातात, सेटचं काय घेऊन बसलात.

उन्हाचं एक राहिलं. एप्रिल-मेमधी ४२-४३ डिग्रीला कुठलाच सेट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, लिथियम बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी डॉकमधी बसवायचा हट्ट तर अजिबात करू नका. तापलेल्या सेटवर सलग बोलायचं असेल तर लो पॉवरवर या, जवळच्याला तेवढं पुरतं.

सेट घरी आला की डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा. बॅटरी फुल चार्ज करून मल्टीमीटर लावा, ७.४ व्होल्टची बॅटरी भरल्यावर ८.४ च्या आसपास दाखवते, बरीच कमी आली तर त्याच दिवशी परत. अँटेना नीट घट्ट बसते का बघा, आणि अँटेना लावल्याशिवाय पीटीटी दाबू नका. लायसन यायला वेळ असेल तर सेट नंतर घ्या, तोवर अभ्यास करा आणि ती जे-पोल बनवून ठेवा, तांब्याची नळी एसी दुरुस्तीवाल्याकडं तुकड्यात मिळते.