स्पीड टेस्ट त्याच्या फोनवर

दर महिन्याच्या १८ ते २० तारखेला माझ्याशी कामाशिवाय कुणी बोलायचं नाही, असा आमच्या घरात अलिखित नियम आहे. पुण्यातल्या कर्वेनगरच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत बसून मी वीस-बावीस दुकानदारांची जीएसटीची कामं करते. ११ तारखेला जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचा तपशील, २० ला थ्रीबी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. २० ची रात्र उलटली की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि "मॅडम, तुमचं नेट बंद होतं त्यात आमचा काय दोष?" हे ऐकून घ्यायचं ते वेगळंच.

त्या महिन्यात १८ तारखेला पोर्टलवरचं ते गोल चक्र फिरतच राहिलं. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले. हॉलमध्ये टीव्हीजवळ नेट बरं चालायचं. आतल्या खोलीपर्यंत मात्र दोन जाड विटांच्या भिंती आणि एक लोखंडी कपाट. तिथे रेंजची एखादी काडी, तीही येऊन-जाऊन. वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी नवीन कनेक्शन जोडायला एक मुलगा आला होता. गळ्यात आयकार्ड, पाठीवर सॅक, खांद्याला फायबरचं वेटोळं. मीच त्याला जिन्यात गाठलं. "दादा, जाता जाता आमचंही जरा बघता का?"

म्हणजे चोराला घरात मीच बोलावलं. आयकार्डावर आमच्या इंटरनेट कंपनीचं नाव आहे की दुसऱ्याच कुणाचं, हे वाचायचं मला सुचलं नाही. दुसऱ्याच कुणाचं होतं.

तो जे पहिलं वाक्य बोलला ते शंभर टक्के खरं होतं. आजही मी ते खोडून काढू शकत नाही. "मॅडम, हा राउटर सिंगल बँड आहे. टाकी मोठी आणि तोटी बारीक, असं झालंय तुमचं." जुना राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा होता. आमच्या सोसायटीत फोनवर वायफायची यादी उघडली की पंचवीसेक नावं दिसतात. त्या बँडमध्ये एकमेकांच्या पायात पाय न घालणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि सगळी सोसायटी त्यांतच कोंबलेली. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेगही जास्त, फक्त भिंतीपलीकडे तो लवकर दम टाकतो. एवढं सगळं त्याने नीट समजावून सांगितलं. मला वाटलं, पोरगा हुशार आहे, उगाच गळ्यात मारत नाहीये.

मग त्याने भाव सांगितला. ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्हींवर चालणारा, गिगाबिट, चार अँटेनांचा राउटर "दुकानात साडेचार हजार, आपल्याला ३,२००." जुना राउटर परत घेऊन त्याचे ४०० वजा. आतल्या खोलीसाठी बूस्टर १,२००. एकूण ४,०००. खाली जाऊन गाडीच्या डिकीतून त्याने खोका आणला. वर प्लास्टिकचं चकचकीत वेष्टन, खोक्यावर ठळक 'एसी १२००'.

पुढची वीस मिनिटं मी त्याच्या शेजारीच उभी होते. चहासुद्धा दिला. त्याने वायर जोडल्या, मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, "हे बघा, तुमचं फाइव्ह जी." यादीत आमच्या फ्लॅटचा नंबर आणि त्यापुढे '_५जी' असं नाव आलं होतं. मग स्वतःच्याच फोनवर स्पीड टेस्ट लावली. काटा सर्रकन वर गेला. २३६. "दोनशेचा प्लॅन, दोनशे छत्तीस देतोय. खूश?"

मी खूश. प्लॅन दोनशेचा असताना छत्तीस वरचे कुठून आले, हा प्रश्न पडला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांत पाच रुपयांचा फरक शोधणारी बाई मी.

बिलाचं तर लिहितानाही लाज वाटते. "पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के वर लागतील, मॅडम," असं तो म्हणाला, आणि मी म्हणाले, "राहू दे." मी! दुकानदारांना "पक्क्या बिलाशिवाय इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, मिळणार नाही" असं रोज बजावणारी. त्याने पावती पुस्तकातलं एक पान फाडून दिलं. वर 'एस्टिमेट' छापलेलं. ना दुकानाचा पत्ता, ना जीएसटी नंबर. यूपीआयवर पैसे पाठवताना नाव भलत्याच बाईचं आलं. "वहिनींचं अकाउंट आहे," म्हणाला. पाठवले.

१९ ला पोर्टल तसंच रखडलेलं. मी दोष सरकारी सर्व्हरला दिला. शेवटच्या दोन दिवसांत तो तसाही रडतो, त्यामुळे शंका आली नाही. २० ला संध्याकाळी पाच रिटर्न बाकी, आणि बूस्टर शेजारीच लुकलुकत असूनही आतल्या खोलीत स्पीड ११. शेवटी फोनचा हॉटस्पॉट लावून रात्री पावणेबाराला शेवटचं रिटर्न भरलं.

रविवारी भाचा जेवायला आला. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमटीभात होईपर्यंत तो लॅपटॉप घेऊन राउटरजवळ जमिनीवर बसला आणि पाचव्या मिनिटाला हाक मारली, "मावशी, हा ५ गिगाहर्ट्झ नाहीचे."

"अरे, नावातच आहे ना!"

"नाव काय, मी 'राष्ट्रपती भवन' पण ठेवीन."

मग त्याने दाखवलं. लॅपटॉपवर वायफायच्या प्रॉपर्टीज उघडल्या की खाली 'नेटवर्क बँड' अशी एक ओळ असते. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, २.४ गिगाहर्ट्झ. त्या मुलाने साध्या सिंगल बँड राउटरच्या नावापुढे '_५जी' एवढी शेपटी लावली होती. शिवाय मोबाइलचं ५जी आणि वायफायचं ५ गिगाहर्ट्झ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. माझ्यासारख्यांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ असते, हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

आणि २३६? भाच्याने विचारलं, "त्याच्या फोनवर वर कोपऱ्यात काय दिसत होतं? वायफायची पंख्यासारखी खूण, की ५जी अशी अक्षरं?" मी डोळे मिटून आठवलं. ५जी. अगदी स्पष्ट दिसलं होतं, आणि मला वाटलं होतं की हेच तर ते, आपण घेतलेलं. त्या मुलाने आपल्या मोबाइल डेटावर टेस्ट केली होती. माझ्या राउटरचा त्या आकड्याशी काही संबंधच नव्हता.

त्यानंतर भाच्याने नेटवर्क केबल थेट लॅपटॉपला लावली. लिंक स्पीड १०० दिसला आणि टेस्टला ९४ आले. कितीही वेळा करा, ९४ च्या आसपासच. राउटरचं पोर्ट १० / १०० चं असलं की डेटाच्या वेष्टनात थोडं जाऊन हातात एवढंच पडतं, मग प्लॅन दोनशेचा असो की पाचशेचा. गिगाबिट म्हणजे खोक्यावर १० / १०० / १००० लिहिलेलं हवं. गंमत म्हणजे खऱ्या, नामांकित 'एसी १२००' राउटरांतही कितीतरी १० / १०० पोर्टचेच असतात. तो १२०० चा आकडा म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची बेरीज करून ढोबळमानाने छापलेला. तेवढा वेग एका फोनला कधीच मिळत नाही. अशी बेरीज माझ्या एखाद्या क्लायंटने केली असती तर मी लाल शाईने गोल केला असता.

बूस्टरचंही तसंच. एकच रेडिओ असलेला बूस्टर त्याच चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर पुढे बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. आणि आम्ही तो ठेवला होता आतल्या खोलीतच, जिथे मुळात सिग्नलच पोचत नव्हता. मेलेल्या सिग्नलचा जोर वाढवणार तरी काय?

शेवटी भाच्याने राउटर उलटा केला. खालच्या स्टिकरवरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, आणि राउटरच्या सेटिंगच्या पानावर दिसणारा मॅक ॲड्रेस जुळत नव्हते. स्टिकरचा एक कोपरा जरा जाडसर वाटत होता. मी हेअर ड्रायर आणला. गरम हवेने कड सुटली, नखाने हळूहळू ओढली, आणि खाली दुसरं स्टिकर निघालं. एका वेगळ्याच इंटरनेट कंपनीचं नाव, बारीक अक्षरात 'विक्रीसाठी नाही' आणि खाली खरा मॅक ॲड्रेस. म्हणजे कुणाच्या तरी घरून काढून आणलेला, पुसूनबिसून नव्या खोक्यात घातलेला राउटर मी ३,२०० ला घेतला होता. स्टिकरच्या डिंकाला तीन-चार केस चिकटले होते. का कोण जाणे, पण पैशापेक्षा त्या केसांची मला जास्त किळस आली.

त्या मुलाचा फोन पहिले चार दिवस लागला. "येतो मॅडम, सिंहगड रोडला आहे." पाचव्या दिवसापासून स्विच ऑफ. आमच्या कंपनीला फोन केला तर तिसरंच निघालं. जुना राउटर माझा नव्हताच, तो कंपनीने वापरायला दिलेला होता. ४०० ला मी कंपनीचाच माल विकून बसले होते. १,५०० रुपयांचं डिपॉझिट गेलं. ४,००० आणि १,५००, साडेपाच हजारांचा हिशेब पूर्ण झाला.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवायला फोन केला. पहिलाच प्रश्न, "बिल आहे का?" चौकीवर अर्ज दिला. त्यांनी शिक्का मारून प्रत दिली आणि पुढे काही झालं नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही हे मला माहीत आहे, पण ज्याचं खरं नावसुद्धा माहीत नाही त्याच्यावर दावा कसा लावायचा?

नवा राउटर मी आणि भाच्याने तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन घेतला. पक्कं बिल मागितलं आणि काउंटरवर उभी राहूनच जीएसटी पोर्टलवर दुकानाचा नंबर टाकला. पंधरा अक्षरं, सुरुवात २७ ने, नाव-पत्ता जुळतो, नोंदणी चालू. दुकानदार हसला. हसू दे.

बसवताना मात्र या वेळी सगळं माझ्याच हातांनी केलं. आधीच्या महाशयांनी वायफायचा पासवर्ड माझा मोबाइल नंबर ठेवला होता आणि राउटरच्या आतल्या सेटिंगचा 'ॲडमिन'. म्हणजे इतके दिवस घराबाहेर गाडी लावूनही त्याला माझं वायफाय, आणि त्यामागचं सगळं, उघडता आलं असतं, आणि माझ्या लॅपटॉपमध्ये वीस दुकानांचे हिशेब! दोन्ही बदलले, पासवर्डशिवाय बटण दाबून जोडून देणारं डब्ल्यूपीएस बंद केलं, फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. राउटर टीव्हीमागून काढून पॅसेजमधल्या कपाटावर, घराच्या मधोमध ठेवला. बूस्टर काढून फेकला आणि त्याऐवजी फरशीच्या पट्टीवरून कॅट ६ ची बारा मीटर केबल आतल्या खोलीत नेली. ह्यांना ती वायर दिसायला आवडत नाही. पण टेस्ट, माझ्या लॅपटॉपवर, मोबाइल डेटा बंद, मी स्वतः बटण दाबून: १९१. वीज गेली तरी राउटर चालावा म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएसही लावला.

परवा यादी चाळताना लक्षात आलं की आमच्याच बिल्डिंगमध्ये आणखी तीन नावं त्याच थाटाची आहेत. फ्लॅट नंबर, मग '_५जी'. तिन्ही २.४ वर. दोन घरी जाऊन दाखवलं, त्यांनी कपाळाला हात लावला. पहिल्या मजल्यावरच्या काकू मात्र ऐकेनात. दारातच उभ्या राहून मला म्हणाल्या, "अगं, असं कसं? माझ्यासमोर लावला त्याने. त्याच्या फोनवर दोनशेच्या वर आला होता की!"