ब्रिज बसवलेल्यांनी सुपरफ्लॉस घ्याच, जळगावहून रिव्ह्यू

खालच्या डाव्या बाजूला माझा तीन दातांचा ब्रिज आहे, म्हणजे मधला दात काढलेला, आजूबाजूच्या दोन दातांवर कॅप आणि मधे खोटा दात जोडलेला. आपल्याकडे ब्रिजला लोक चांगले पैसे मोजतात पण घरी तो साफ कसा ठेवायचा हे बऱ्याच जणांना कोणी दाखवूनच देत नाही, नुसतं ब्रश करत जा म्हणतात, म्हणून एवढं लिहितोय.

नुसत्या ब्रशने होत नाही ते. मधल्या खोट्या दाताला मूळ नसतं, तो हिरडीवर टेकलेला असतो आणि खाली बारीक फट राहते. तिन्ही दात एकमेकांना जोडलेले असल्यामुळे साधा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, वरून खाली उतरतच नाही. त्यात आपलं खान्देशी जेवण, हिवाळ्यात बामणोदच्या वांग्याचं भरीत खाल्लं की बी बरोबर तिथे जाऊन बसतं, शेवभाजीतली शेव भिजून लगदा होते ती पण तिथेच. कॅपला कीड लागत नाही हे खरंय, पण कॅपच्या कडेखाली आपला खरा दात असतो तो किडतो, आणि तो एक दात गेला की सगळा ब्रिजच उतरवायची वेळ येते.

मी वापरतो तो ओरल-बीचा सुपरफ्लॉस. एका डबीत ५० कापलेले दोरे येतात आणि प्रत्येक दोऱ्याचे तीन भाग असतात, एक टोक कडक, मधला भाग स्पंजसारखा फुगीर आणि पुढे साधा फ्लॉस. कडक टोक गालाच्या बाजूने खोटा दात आणि कॅप यांच्या मधल्या फटीत सुईत दोरा ओवतो तसं घालायचं, जिभेच्या बाजूने निघालं की बोटाने पकडून हळू ओढायचं, फुगीर भाग खोट्या दाताखाली आला की पुढेमागे चार-पाच वेळा घासायचं. मग तोच दोरा बाजूच्या दाताला अर्धा वेढा देऊन हिरडीच्या कडेपासून वर घासायचा, आणि शेवटी एका बाजूने सोडून ओढून घ्यायचा. बाहेर आलेल्या दोऱ्यावर पिवळट चिकट थर दिसतो, वास घेऊन बघा, तोंडाला वास का येतो ते तिथेच कळतं. सुरुवातीला हिरडीतून थोडं रक्त येतं, घाबरून सोडू नका, रोज केलं की साधारण आठवड्या-दोन आठवड्यात थांबतं, नाही थांबलं तर दाखवून या. मी रात्री झोपायच्या आधी करतो, हात बसला की दोन मिनिटांचं काम आहे.

पाण्याचा फ्लॉसर, म्हणजे पाण्याच्या बारीक धारेने फटी धुणारं मशीन, पण आहे घरी, चार्जिंगवाला, लाईट गेली तरी चालतो. अडकलेलं बी, शेव मस्त काढतो, जेवल्यावर लगेच वापरायला छान, पण चिकट थर नुसत्या पाण्याने पूर्ण जात नाही, तो घासूनच निघतो. म्हणून दोन्हीतलं एकच घ्यायचं असेल तर मी दोराच घ्यायला सांगेन. फ्लॉसर घेतलाच तर कोमट पाणी आणि सगळ्यात कमी प्रेशरवर सुरू करा, बोअरचं जड पाणी टाकू नका, क्षार जमून नोझल चोंदतं, फिल्टरचं टाका.

फट जरा मोठी असेल तर छोटे इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या मधल्या फटीत घालायचे बारीक ब्रश, पण चालतात. टेपे कंपनीच्या ब्रशमधे रंगावरून साईज कळते, गुलाबी ०.४ मिमी, लाल ०.५, निळा ०.६ असं. साईज मात्र डॉक्टरांकडून बघून घ्या, जबरदस्तीने घुसवला तर हिरडी फाटते.

आणि टाचणी, सेफ्टी पिन, काडी हे खरंच बंद करा. गावाकडे आपल्या आज्या-मावश्या ब्रिज बसवल्यावर पण मशेरीच घासतात, त्यांना जवळ बसवून समजावून सांगा, तंबाखूने हिरड्या खराब होतात आणि ब्रिज उभा हिरड्या-हाडाच्या जोरावरच असतो. चावताना ब्रिज हलल्यासारखा वाटला किंवा कडेने घाण चव यायला लागली तर ब्रिज चिकटवलेलं सिमेंट सुटलं असू शकतं, फेविक्विकने चिकटवू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

सुपरफ्लॉस आमच्याकडच्या बऱ्याच मेडिकलवर भेटत नाही, साधा फ्लॉस पुढे करतात, त्यापेक्षा ऑनलाईन मागवा. दोरा एकदाच वापरायचा असल्यामुळे रोज एक धरला तर डबी दोन महिने पण पुरत नाही. खर्च वाटत असेल तर फ्लॉस थ्रेडर घ्या, प्लास्टिकचा वाकणारा फास असतो, त्यात साधा फ्लॉस ओवून तसाच खालून काढता येतो आणि फास धुऊन परत वापरता येतो. ज्यांचे हात थरथरतात किंवा जवळचं नीट दिसत नाही त्यांना दोरा ओवणं जड जातं, त्यांच्यासाठी मात्र पाण्याचा फ्लॉसरच बरा, नाहीतर घरातल्या कोणीतरी रोज रात्री दोरा घालून द्यावा.