दीडशेचा टायर: चार महिने अकरा दिवस

१२ फेब्रुवारीला चढवला आणि २३ जूनला सकाळी पावणेसातला सोलापूरच्या अशोक चौकात फुटला. तारखा पाठ नाहीत, वहीत आहेत. किराणा, गॅस, लाइटबिल यांच्या शेजारी सायकलचंही एक पान असतं माझ्या वहीत. बायको हसते, पण टायरला किती लागले हे मी रुपयात सांगू शकतो.

सायकल वडिलांची. काळी, अठ्ठावीस इंची, रॉडच्या ब्रेकची. भवानी पेठेतून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात जायला-यायला रोज अकरा किलोमीटर. मागच्या चाकावर आधी राल्सनचा टायर होता, तो दोन वर्षं चालला आणि शेवटी गोटा झाला म्हणून बदलायचा ठरवला. दुकानात राल्सन ३४० आणि शेजारी दोरीला जोडी-जोडीने बांधून लटकवलेले बिननावाचे १५०. कागदाचं वेष्टन नाही, कंपनीचं नाव नाही. कडेला फक्त ‘२८ × १ १/२’ आणि नावाच्या जागी ‘सुपर’. मी विचारलं, फरक काय? दुकानदार म्हणाला, "ते बी रबर, हे बी रबर. नावाचे पैसे घेतात." मला पटलं. दोन घेतले, पुढचाही झिजला होता. ३८० रुपये वाचले म्हणून खूश होऊन येताना पावशेर जिलेबी घेतली. तीही वहीत आहे.

बसवायला आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या मामांकडे गेलो. अठ्ठावीसचा टायर चढवताना शेवटची वीतभर कड हट्टाने बाहेर राहते. मामा गुडघ्यात चाक धरून, पट्टी घालून, दात-ओठ खात ती आत ढकलतात हे मी लहानपणापासून बघत आलोय. हा टायर नुसत्या हाताने, लुंगी नेसावी तसा चढला. मला आनंद झाला. मामांना नाही झाला.

"कुठनं आणलास बे हा?"

त्यांनी हवा भरली, चाक उचलून फिरवलं आणि मडगार्डच्या टोकाशी अंगठा धरला. टायर दर फेरीला एकदा अंगठ्याला लागायचा आणि एकदा लांब जायचा. मग त्यांनी दाखवलं: टायरच्या कडेला, रिमला लागून, साच्यातच एक बारीक उंचवट्याची रेघ असते. टायर नीट बसला असेल तर ती रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते. माझ्या टायरची रेघ व्हॉल्व्हपाशी रिममध्ये गडप आणि समोरच्या बाजूला अर्धं बोट बाहेर. टायरच्या काठात असते ती आतली तार जरा सैल, म्हणून टायर एका बाजूला बसतो आणि दुसऱ्या बाजूला उठतो. मामांनी हवा सोडली, साबणाचं पाणी लावलं, कणीक तिंबावी तसा दोन्ही अंगठ्यांनी दाबत फिरवला, अर्धी हवा भरली, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा म्हणाले, "आता एवढंच. ह्याच्यापुढं देव."

रॉडच्या ब्रेकचं एक बरं असतं, ब्रेकची रबरं रिमला आतल्या अंगाने लागतात. त्यामुळे टायर उडाला तरी ब्रेकला घासत नाही. पण बूड सांगतं. या चाकाचा घेर सव्वादोन मीटरला जरासा कमी, म्हणजे रोजच्या अकरा किलोमीटरात चाक ४९०० वेळा फिरतं. तेवढ्या वेळा ‘डुग’. आठ दिवसांत सवय झाली हेही खरं. माणसाला कशाचीही होते.

पंक्चरबाबत मात्र मला टायरची तक्रार करता येत नाही. चार महिन्यांत दोन, दोन्ही सराट्याची. जुन्या टायरला याच दिवसांत तेवढीच व्हायची. सराट्याला ब्रँड कळत नाही. रस्त्याला लागणारा मधला भाग या टायरचा चांगला जाड होता, हातात घेतल्यावर दणकट वाटावं इतका. आम्ही गिऱ्हाईक तिथेच फसतो, कारण दुकानात सगळे अंगठा तिथेच दाबून बघतात.

मे महिन्याच्या शेवटी मागच्या टायरच्या कडेला सुपारीएवढा फुगा आला. मामांनी जुन्या टायरचा तुकडा कापून आतून बसवला, वीस रुपये घेतले आणि "लोड नको, डबल सीट नको" म्हणाले. पाळलं. तरी २३ जूनला त्या फुग्याच्या शेजारीच, चार बोटांवर, कड फाटली. आवाज असा की चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. ट्यूब बाहेर येऊन वीतभर उभी चिरली होती, तिला पॅच बसणं शक्यच नव्हतं. सायकल ढकलत कारखान्यात पोचेपर्यंत साडेसात. अर्धा दिवस कापला गेला.

मी टॉवेलच्या चेकिंग खात्यात आहे. धागे मोजायचं भिंग आमच्या खिशात असतंच. तो फाटका टायर आणि माळ्यावर पडलेला जुना राल्सन, दोन्ही करवतीच्या पात्याने आडवे कापले आणि सुट्टीच्या दिवशी बसून बघितले. ज्यांना टायर म्हणजे नुसतं रबर वाटतं त्यांनी हे एकदा करून बघावं. हवेचा ताण धरतो तो कडेच्या रबराखालचा धागा, रबर त्याच्यावरचा कोट. कापडासारखा ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, नसतो तिथे, बाणा जवळजवळ नाहीच. नुसता ताणा, तोही तिरपा. एका थराचे धागे या तिरप्यात, दुसऱ्याचे उलट्या तिरप्यात. जुन्या टायरमध्ये इंचाला २४ धागे मोजले, जिथे मोजले तिथे २४, फार तर २३. नव्यात एके ठिकाणी १९, बोटभर पुढे १५, आणि फाटलं त्याच्या जवळ धाग्यांमध्ये अशी फट की भिंगाची गरजच नाही. जुन्या गंजीफ्रॉकसारखं. असा टॉवेल माझ्या टेबलावर आला असता तर मी ‘सेकंड’च्या, म्हणजे दुय्यम मालात टाकला असता, आणि त्याने फक्त अंग पुसायचं असतं.

तर मामला रबराचा नाही, धाग्याचा आणि तारेचा आहे. दुकानात या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत, पण थोड्या कळतात. टायर एका बोटावर लटकवून बघा, गोल लोंबतो की कुठे मोडल्यासारखा दिसतो. मधला जाड भाग सोडून कड चिमटीत धरा आणि आतल्या बाजूने उजेडाकडे करून वाका. धाग्यांच्या ओळी वर दिसत असतील, आणि त्याही कुठे दाट कुठे विरळ, तर राहू द्या. कडेवरचं लिखाणही वाचा. धड टायरवर मापाबरोबर ‘४०-६३५’ असा आकडा असतो, हवा किती भरायची ते असतं, बऱ्याचदा आयएसआयची खूण आणि २४१४ हा मानकाचा नंबर असतो. माझ्या टायरवर यातलं काही नव्हतं. हवेचा आकडा तसाही आपण वाचत नाही. साध्या व्हॉल्व्हवर मीटर कुठे लागतो, अंगठ्याने दाबायचं आणि "बास" म्हणायचं. पण जो कारखाना तो आकडा छापतो त्याने निदान तेवढी हवा भरून बघितली असेल, एवढीच माझी समजूत.

ते ६३५ सारखे आकडे क्षुल्लक नाहीत. रिमवर तार जिथे बसते तिथला तो व्यास, मिलिमीटरमध्ये. मुलीच्या लेडीज सायकलला टायर आणायला गेलो तेव्हा मी "सव्वीसचा द्या" म्हणालो आणि दुकानदाराने दिला. घरी आणला तर रिमवर चढेचना. सव्वीस म्हणून विकले जाणारे टायर निदान तीन मापांचे आहेत: गिअरवाल्या सायकलींचा ५५९, लेडीज सायकलचा २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, आणि मध्ये एक ५८४. मला मिळाला होता ५५९चा. एकतीस मिलिमीटरचा फरक मामांच्या पट्टीनेही भरून निघत नाही. बिननावाच्या टायरवर दुसरा आकडाच नसतो, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. "सव्वीस मागितला, सव्वीस दिला."

शेवटी तिच्या सायकलला योग्य मापाचा, पण पुन्हा बिननावाचाच बसवला, कारण कडेला गुलाबी पट्टा होता आणि निवड माझी नव्हती. तेव्हा माझा हिशेब असा की ती क्लासपुरती चालवते, स्वस्तातला चालेल. सगळे हाच सल्ला देतात आणि आता माझ्या मते तो उलटा आहे. कमी चालणारी सायकल उन्हात उभी असते. आमची गच्चीत होती, आणि सोलापूरचा मे म्हणजे ४२-४३ अंश. उभ्या टायरला ऊन आणि हवा खाते. काळ्या रबरात काजळी असते, ती ऊन बरंचसं सोसते. रंगीत पट्ट्याला तो आधार नाही. जूनमध्ये गुलाबी पट्ट्यावर चिंचेच्या टरफलासारख्या भेगा पडल्या होत्या. टायर मोजून शंभर किलोमीटरही चालला नसेल. रोज चालणाऱ्याचा टायर भेगा पडायच्या आत झिजून तरी जातो, पैसे वसूल होतात. उभ्या सायकलला म्हणूनच चांगला टायर घालावा आणि वर जुनी चादर टाकावी. चादरी सोलापुरात मिळतात म्हणे.

मागच्या टायरचं पान असं: टायर १५०, बसवणी ४०, पंक्चर दोन ६०, आतला तुकडा २०, नवी ट्यूब ११०, अर्धा दिवस. पंक्चर सोडा, ती कशीही झाली असती. अर्ध्या दिवसाचे पैसे मी लिहिलेच नाहीत, जिलेबी आठवते. आता मागे पुन्हा ३४० वाला आहे. मामांना तो बसवताना घाम आला, तेव्हा बरं वाटलं.

पुढचा फुटला नव्हता. पुढच्या चाकावर वजन कमी, म्हणून तग धरून होता. पण पुढचं चाक उतारावर फुटलं तर माणूस तोंडावर येतो, त्यामुळे जुलैत काढला आणि मामांकडे टाकून दिला. मामा म्हणाले, टाकतोस कशाला, हातगाडीला चालतो, ती काय पळते का. तो आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या काकूंच्या गाडीला बसला. परवा कोथिंबीर घेताना मी विचारलं, काकू, टायर कसा आहे?

"चांगलाय की. गाडी जरा उड्या मारती, म्हणून टोमॅटो आता त्या बाजूला ठेवत न्हाई. तिकडं बटाटे."