एनएचके वर्ल्ड-जपान: घरबसल्या जपान बघायचा असेल तर आधी हे लावा

जपानबद्दल काही बघायचं म्हटलं की यूट्यूबवर तेच ते येतं, शिबुयाचं क्रॉसिंग, बुलेट ट्रेन, चेरी ब्लॉसम आणि कुणीतरी रामेन खाऊन डोळे मोठे करतंय. मला त्यातून जपान काही कळत नव्हता. एनएचके ही जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था, आणि परदेशातल्या लोकांसाठी त्यांचं एनएचके वर्ल्ड-जपान नावाचं इंग्रजी चॅनल आहे. वेबसाइटवर, अ‍ॅपवर फुकट, सबस्क्रिप्शनची भानगड नाही. आमच्या घरी सध्या सगळ्यात जास्त हेच चालतं आणि मनापासून सांगते, बघाच.

सुरुवात सुमोपासून करा. वर्षात सहा स्पर्धा असतात, जानेवारी, मे, सप्टेंबर टोकियोत, मार्चला ओसाका, जुलैला नागोया, नोव्हेंबरला फुकुओका, आणि प्रत्येक स्पर्धा 15 दिवस. रोज हायलाइट्स येतात आणि काही ठरावीक दिवशी शेवटच्या लढती लाइव्ह दाखवतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, तिकडे संध्याकाळी सहाच्या आत सगळं संपतं म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच, जेवण करून आरामात बघता येतं.

माझं मत विचाराल तर हायलाइट्सपेक्षा लाइव्हच बघा. हायलाइट्समध्ये फक्त झटापट उरते आणि ती तर बऱ्याचदा दहा सेकंदात आटोपते. खरी गंमत त्याच्या आधी आहे. दोघं रिंगणात येतात, मूठभर मीठ उधळतात, खाली बसून एकमेकांकडे रोखून बघतात, उठतात, परत कोपऱ्यात जातात, परत मीठ, वरच्या डिव्हिजनमध्ये याला चार मिनिटं मिळतात आणि ती चार मिनिटं संपत आली की हॉलमधला आवाजच बदलतो. चढायच्या आधी तोंड धुवायला जे पाणी देतात ना, ते आधीची लढत जिंकलेला पैलवान देतो, हरलेला देत नाही. जिंकणारा पण नाचत बिचत नाही, खाली बसून पंचाच्या पंख्यावरून बक्षिसाची पाकिटं घ्यायची, त्याआधी हाताने तीनदा खूण करायची आणि निघायचं. सगळ्यात वरच्या पंचाच्या कमरेला कट्यार असते, निकाल चुकला तर जीव द्यायची तयारी म्हणून ठेवायची जुनी पद्धत. रिंगण मातीचं, साडेचार मीटरच्या आसपास, आणि प्रत्येक स्पर्धेला नवीन बांधतात. ज्यांनी खासबागेतल्या लाल मातीत कुस्ती बघितली आहे त्यांना मातीचा हा मान लगेच समजेल. आणि वजनी गट नाहीत, त्यामुळे लहान चणीचा पैलवान दीडपट वजनाच्या माणसाला बाहेर काढतो तेव्हा माझी आई सोफ्यावरून उठून उभी राहते! ओनोसातो आणि होशोर्यू दोघंही 2025 मध्ये योकोझुना म्हणजे सुमोतल्या सगळ्यात वरच्या दर्जाचे पैलवान झाले, एक इशिकावाचा, एक मंगोलियाचा, सध्या यांच्यासाठी तरी बघाच.

दुसरा माझा आवडता प्रोग्राम म्हणजे डॉक्युमेंट 72 अवर्स. एकच जागा निवडायची आणि तिथे तीन दिवस कॅमेरा लावून बसायचं, येणाऱ्या जाणाऱ्याला विचारायचं की तुम्ही इथे का आलात, बस्स. या मालिकेतला अकिताच्या बंदराजवळच्या जुन्या व्हेंडिंग मशीनचा भाग खूप गाजलेला आहे. नाणी टाकली की गरम उडोन नाहीतर सोबा, म्हणजे सूपमधले नूडल्स, बाहेर हिवाळ्यातला वारा, आणि लोक तिथेच खाता खाता नोकरीचं, घरचं, गेलेल्या माणसांचं सांगतात. जपानी माणूस मनातलं बोलत नाही असं आपण ऐकून असतो, हे बघून ते मत बदलतं. कुठलंही पर्यटनाचं ठिकाण मला इतकं जवळचं वाटलं नाही.

जेवणाचे प्रोग्रामही चांगले आहेत, मापं नीट देतात. फक्त शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, मिसो सूपसकट बऱ्याच गोष्टींत दाशी नावाचं चवीचं पाणी असतं आणि ते साधारणपणे कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या माशाचं असतं, मासा वगळून कोम्बू आणि सुके शिताके मशरूम रात्रभर भिजवले तरी छान होतं. भाषा शिकायची असेल तर ईझी जॅपनीज नावाचा 48 धड्यांचा कोर्स आहे, ताम नावाची व्हिएतनामी मुलगी जपानमध्ये शिकायला येते त्या गोष्टीतून शिकवतात. हिंदीतून आहे, मराठीतून नाही. पुण्यात इतकी पोरं जपानी शिकतात, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेला बसतात, मराठीतून यायलाच हवा होता असं मला फार वाटतं. आपलंही क्रियापद शेवटी, त्यांचंही शेवटी, मराठीतून किती सोपं गेलं असतं.

न आवडलेल्या गोष्टी दोन. बऱ्याच कार्यक्रमांत जपानी माणूस बोलायला लागला की वरून इंग्रजी आवाज चढवतात, त्याचा स्वतःचा आवाज, अडखळणं, हसणं सगळं दबून जातं, तिथे सबटायटल्सच पाहिजेत. आणि व्हिडिओ कायम राहत नाहीत, प्रत्येकाला मुदत असते, खाली तारीख लिहिलेली असते ती बघूनच पुढे काय बघायचं ते ठरवा, मालिका सावकाश बघू म्हणून ठेवली तर मधलेच भाग गायब झालेले असतात. डॉक्युमेंट 72 अवर्सचा जो भाग दिसेल तो त्याच आठवड्यात बघून टाका.