आमच्या वस्तीतलं रेशन दुकान : पोरांची नावं कार्डावर नसतील तर आधी हे वाचा

या महिन्यात पहिल्यांदा आमच्या पावतीवर २५ किलो छापून आलं. १५ किलो तांदूळ आणि १० किलो गहू. घरात पाच माणसं, माणशी ५ किलो, एवढा साधा हिशोब आहे पण तो जुळायला आठ वर्षं गेली, म्हणून म्हटलं आज सुट्टी आहे तर या दुकानाबद्दल नीट लिहूनच टाकावं. दुकानाचा नंबर टाकत नाही कारण दुकानवाल्या दादांना विचारलेलं नाही.

आधी आमचं थोडं सांगते म्हणजे पुढचं कळेल. आम्ही मूळ बीडकडचे, आता पुण्यात वस्तीत राहतो. मी चार घरी पोळीभाजीची कामं करते, मिस्टर टेम्पोवर आहेत, काम असेल तेव्हा पैसे नाहीतर घरी. सासूबाई आहेत, मुलगी तिसरीत आहे, मुलगा साडेतीन वर्षांचा, अंगणवाडीत जातो. कार्ड सासूबाईंच्या नावाने आहे कारण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख धरतात. आमचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड. अंत्योदयवाल्यांना माणसं कितीही असोत घरटी ३५ किलो मिळतं, आम्हाला माणशी ५.

माल कसा आहे ते आधी सांगते कारण सगळे तेच विचारतात. तांदूळ जाडा आहे पण भात चांगला होतो, खिचडी तर मस्तच, इडलीला पण चालतो. गहू दोनदा निवडावा लागतो, काड्या आणि माती असते, खडे कमी. पोळी थोडी कडक होते म्हणून मी पीठ अर्धा तास आधी मळून ठेवते. जानेवारी २०२३ पासून पैसे लागत नाहीत, त्याआधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. अजूनही कोणी तुमच्याकडून पैसे मागत असेल तर देऊ नका, पावती मागा.

तांदळात अधूनमधून पांढरट वेगळे दाणे दिसतात, काही पाण्यावर येतात, आमच्या गल्लीत सगळ्या बायका ते प्लास्टिकचे म्हणून वेचून टाकतात. मीही दोन वर्षं टाकले. मग अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं की ते तांदळाच्याच पिठाचे असतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी १२ घातलेलं असतं आणि १०० किलो तांदळात १ किलो असे मिसळतात. माझ्या पोरीचं रक्त कमी, शाळेच्या तपासणीत निघालेलं, आणि तिच्या ताटातलं लोह मी सुपातून पाखडून टाकत होते. त्यामुळे ते दाणे टाकू नका, आणि तांदूळ पाच-पाच वेळा चोळून धुवू नका.

काटा आमच्या बाजूला तोंड करून ठेवलेला आहे, आकडा दिसतो. हे मी मुद्दाम लिहितेय. आधी आम्ही दुसऱ्या दुकानात जायचो तिथे काटा आत असायचा, पावती मागितली की रोल संपलाय, घरी आणून गिरणीत वजन केलं तर १५ च्या जागी १३. दोन किलो म्हणजे आमच्या घरी दीड दिवस. तेव्हा मला माहीतच नव्हतं की दुकान बदलता येतं. एक देश एक रेशन कार्डमध्ये कुठल्याही दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं, गावचं कार्ड असलं तरी इथे मिळतं, त्यासाठी कार्ड इकडे आणायचीही गरज नाही. ऊसतोडीला जाणारे, बांधकामावरचे, सगळ्यांनी हे ध्यानात ठेवा. आम्ही २०१७ ला गावच्या कार्डातून नावं कमी करून इथे वेगळं कार्ड काढायला तीन चकरा मारल्या होत्या, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी वेगळी.

दादांचं वागणं एक नंबर. वयस्कर माणसाला स्टूल देतात, तान्हं लेकरू घेऊन आलेल्या बाईला पुढे घेतात. एकदा मी विचारलं की दुकान महिनाभर का नाही उघडत तर म्हणाले क्विंटलमागे १५० रुपये कमिशन होतं, आता २०२५ मध्ये वीस वाढून १७० झालं, त्यात भाडं, वीज, हमाली, पोराचा पगार, महिनाभर बसून भागत नाही. शंभर किलो मोजून द्यायचे तेव्हा १७०. ऐकल्यावर मला त्यांची अडचण पटली, पण आमची अडचणही खरीच आहे, कामावरून यायला अडीच वाजतात आणि दुकान बाराला बंद. संध्याकाळी पाच ते आठ ठेवलं तर निम्म्या बायकांचा खाडा वाचेल, हे मी त्यांना सांगितलंय, बघू म्हणालेत.

अंगठा लावायच्या मशीनचा त्रास मात्र आहे. सर्व्हर डाऊन असला की सगळी लाईन परत. सासूबाईंनी आयुष्यभर कापूस वेचला, भांडी घासली, बोटं गुळगुळीत झालीत, अंगठा येतच नाही. आता डोळे स्कॅन करायचं मशीन आलंय त्यात त्यांचं दुसऱ्या फटक्यात होतं. आधी एका महिन्यात तीन वेळा जाऊन पाचही बोटं लावून झाली होती, त्या रडवेल्या होऊन आल्या, म्हणाल्या मी जिवंत आहे हे आता कशाने दाखवू.

आता पोरांचं. मुलगी २०१७ च्या डिसेंबरची. तेव्हा कार्डावर तीनच नावं, १५ किलो. आम्हाला वाटायचं लेकराचं काय, ते कुठे खातंय, नंतर चढवू नाव. ही मोठी चूक होती. कायद्यात लहान-मोठं असं काही नाहीये, तान्ह्या बाळालाही ५ किलोच. नंतर चढवायला गेलो तर जन्मदाखल्यावर नावच नाही, नुसतं स्त्री जातीचं अर्भक. ते करा, मग आधार काढा, मग अर्ज, मग कार्यालयात सांगितलं इष्टांक संपलाय. म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं त्याचा कोटा असतो आणि तो भरला की नवीन नाव थांबतं. हा कोटा २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे, अख्ख्या महाराष्ट्राला सुमारे ७ कोटी. माझी दोन्ही पोरं त्या जनगणनेनंतरची आहेत, त्या मोजणीत ती कुठे असणार? कोणी मेलं किंवा कोणाचं नाव कमी झालं की जागा होते. माझ्या लेकीचं नाव २०२१ ला चढलं ते असंच. आणि मधे लॉकडाऊन गेला, तेव्हा माणशी ५ किलोवर आणखी ५ किलो फुकट मिळत होतं, म्हणजे त्या काळात तिच्या एका नावापायी महिन्याला १० किलो गेलं आमचं.

त्या वर्षी माझी चारही कामं बंद झाली होती. महिन्याच्या वीस तारखेनंतर डब्यात हात घालायची भीती वाटायची. सकाळी चहा-पोळी, दुपारी काही नाही, रात्री पातळ वरण, त्यात पाणी किती घातलं ते मलाच माहीत. सासूबाई म्हणायच्या आज एकादशी, मग मी पंचांग बघितलं तर एकादशी नव्हतीच. पोरगी तीन वर्षांची पण नव्हती, ती शेजारी कुकरची शिट्टी झाली की दारात जाऊन उभी राहायची. मला तिला आत ओढून आणायला लागायचं, आणि हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

मुलगा २०२२ चा. त्याचं नाव चढवायला पण तीन वर्षं लागली, या वेळी कागद तयार होते तरी. मधल्या काळात पोरगी शाळेत जायला लागली आणि एकदा मी तिचा डबा धुवायला घेतला तर सकाळी भाजी दिलेल्या डब्याला खिचडी लागलेली. विचारलं तर म्हणाली भाऊला आणते मी थोडी रोज, बाई पण काही बोलत नाहीत. म्हणजे शाळेत तिच्या वाटची जी खिचडी, त्यातली अर्धी ती घरी आणत होती. प्राथमिकच्या एका पोरामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं ते ठरलेलं असतं, ते एका पोरासाठी ठरवलंय, दोघांसाठी नाही. त्या बाईंचे मी पाय धरायला गेले होते, त्या म्हणाल्या अहो तुम्ही नाव चढवायचं बघा आधी.

अंगणवाडीचं पण सांगते. तीन वर्षांपर्यंत घरी न्यायची पाकिटं देतात, ती माझ्या मुलाने कधी आवडीने खाल्ली नाहीत, मी दुधात गूळ घालून शिजवून चारायचे. तीन वर्षांनंतर तिथेच गरम खायला मिळतं, उसळ, खिचडी, लापशी, ते तो चाटून पुसून खातो. ताई दर महिन्याला वजन-उंची घेतात. तो मागच्या वर्षी मॅममध्ये होता म्हणजे मध्यम कुपोषित, सॅमच्या म्हणजे तीव्र कुपोषितच्या एक पायरी वर. मला फार लाज वाटली, दुसऱ्यांच्या पोरांना मी तुपाच्या पोळ्या करून घालते आणि माझं पोरगं पिवळ्या पट्ट्यात. ताई म्हणाल्या तुम्ही एकट्या नाही, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर १०० पोरांत ३५ वयाच्या मानाने बुटकी निघाली आणि पंचवीस-सव्वीस उंचीच्या मानाने वाळलेली. मेळघाट, मोखाडा, जव्हार हे आपण बातम्यांत ऐकतो पण पुण्यात वस्तीतही अशी पोरं आहेत.

आणि यात रेशनचं एक कमी आहे ते स्पष्ट लिहिते. पोट भरतं, अंग भरत नाही. आमच्या घरी महिन्याला ४० किलो धान्य लागतं, त्यातलं २५ आता मिळतंय, उरलेलं विकत घेऊ शकतो. पण डाळ नाही, तेल नाही. लॉकडाऊनमध्ये काही महिने घरटी १ किलो डाळ-चणा आला होता तेवढाच. २०२२ च्या दिवाळीला आनंदाचा शिधा आला, १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर किलो-किलो आणि लिटरभर पामतेल, त्या दिवाळीला मी पहिल्यांदा न मोजता तळण केलं. २०२५ च्या दिवाळीला आला नाही. शाळेत आठवड्याला अंडं सुरू झालं होतं, पोरगी त्या दिवशी कधीच सुट्टी घ्यायची नाही, मग जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचे पैसे देणं थांबवलं. महिन्याला दोन किलो तूरडाळ आणि पोरांना आठवड्याला चार अंडी एवढं जरी यात धरलं तरी अंगणवाडीतल्या त्या पिवळ्या रंगाची पोरं हिरव्यात येतील, मला अगदी खात्री आहे.

अजून एक, २०२५ च्या पावसाळ्यात तीन महिन्यांचं धान्य एकदम दिलं, तेव्हा चार नावं होती म्हणजे ६० किलो. पुरात वाहतूक अडते म्हणून दिलं, बरोबर आहे, पण दहा बाय दहाच्या खोलीत पत्रा गळत असताना ठेवायचं कुठे. मी कामाच्या घरून एक झाकणाचं पिंप मागून आणलं, कडुलिंबाचा पाला वाळवून घातला, तरी ऑगस्टमध्ये तांदळात सोंडे झालेच. ज्यांच्याकडे पिंप नव्हतं त्यातल्या काहींनी धान्य विकलं, त्यांना नावं ठेवू नका.

ई-केवायसी, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून मशीनवर ओळख पटवणं, सगळ्यांनी करून घ्या. पोरांचं करताना अडतं कारण लहानपणी काढलेल्या आधारला बोटांचे ठसे नसतात, पाचव्या वर्षी ते द्यावे लागतात, फुकट होतं. आमच्या पोरीचं तसंच अडलं होतं, आधार केंद्रात ठसे दिले मग दादांच्या मशीनवर लगेच झालं. दादांनी तिला खुर्चीवर उभं करून बोट धरून करून घेतलं. धान्य कमी दिलं, पावती नाही दिली तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर फोन करा, पैसे पडत नाहीत.

दुकानाला माझे ५ पैकी साडेचार, अर्धा वेळेसाठी कापला. एकूण रेशनला ३, कारण डाळ नाही आणि पोरांची नावं चढायला वर्षं लागतात.

शेजारच्या ताईंना तीन मुली आहेत, नवरा नाही, केशरी कार्ड आहे पण धान्य लागू नाही. शहरात ५९ हजार वर्षाचं उत्पन्न अशी मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही, पुण्यात खोलीभाडंच तेवढं जातं मग त्यात बसणार कोण. तरी सोमवारी मी एक काम सोडून त्यांच्यासोबत जाणार आहे, मुलींचे आधार, जन्मदाखले, कार्डाची दोन्ही पानं, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढून पिशवीत घालून ठेवल्यात.