यात्रेला टीव्हीवरचा गायक आणताय? आधी आमचं ऐका

कुणी तोंडही न पाहिलेल्या माणसाला आमच्या यात्रा कमिटीने 6,40,400 रुपये दिले. लिहायचीही लाज वाटते. पण परवा शेजारच्या गावच्या पोरांनी मला मोबाईलवर, आम्हाला आला होता तसाच एक व्हिडिओ दाखवला. गायक तोच, शर्ट तोच, 'नमस्कार मंडळी'सुद्धा तेच. फक्त गावाचं नाव त्यांचं. त्यांची 51,000 द्यायची तयारी चालली होती. म्हणून लिहितोय.

आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात यात्रा म्हणजे तमाशा. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. पंच तिथं जातात, घासाघीस होते, सुपारी देतात, कागद होतो. फडमालक पैशांआधी चार गोष्टी विचारणार: जागा केवढी, जनरेटर कुणाचा, ट्रक आतपर्यंत येईल का, पाण्याचं काय. यंदा तरुण मंडळींनी हट्ट धरला की तमाशा बास झाला, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून पुढं आलेला एक गायक आणायचा. मी खजिनदार. माझा विरोध होता आणि तो प्रोसिडिंगला लिहिलेला आहे, ज्याला बघायचंय त्याने बघावा. बहुमतापुढे खजिनदार काय करणार?

इन्स्टावर 'ऑफिशियल बुकिंग' म्हणून नंबर होता, पोरांनी तो लावला. मॅनेजर गोड बोलायचा, मला 'काका' म्हणायचा. कार्यक्रम 8,50,000 ला ठरला. तारीख ब्लॉक करायला 51,000. मग निम्मी रक्कम पुरी करायला 3,74,000. मग 'जीएसटी आधी भरावा लागतो काका' म्हणत पूर्ण साडेआठ लाखांवरचे 18 टक्के, म्हणजे 1,53,000. शेवटी वादकांच्या विमानाच्या तिकिटांचे 62,400. आमचा सीए नंतर म्हणाला, ॲडव्हान्स घेतला तर जीएसटी तेवढ्या ॲडव्हान्सवर लागतो, न घेतलेल्या पैशांवर नाही. नंतर सगळेच शहाणे असतात.

आता तो व्हिडिओ. बैठकीत दोघेतिघे कुरकुरत होते, म्हणून मॅनेजरने 'सरांचा बाइट' पाठवला. एकोणीस सेकंदांचा. गायक गाडीत बसलाय, हातात माईक, 'येतोय मी तुमच्या यात्रेला' म्हणतोय. जिथं गावाचं नाव येतं, नेमका तिथं माईक वर जातो आणि ओठ झाकले जातात. आवाज जरा जाड होतो. मागं गाडीची घरघर चालू असते, ती तेवढ्या एका शब्दापुरती बंद पडते आणि पुन्हा सुरू होते. आज कानात प्राण आणून ऐकायचीही गरज पडत नाही, पहिल्यांदाच कळतं. तेव्हा सगळ्या गावाने तो स्टेटसला ठेवला. आमच्या सौ. म्हणाल्या होत्या, 'अहो, आपल्या गावाच्या नावाला आवाज निराळा का येतो?' मी म्हणालो, रेंजमुळे. रेंजमुळे! रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कसली आलीय रेंज? पण गायकाचा चेहरा समोर हलतोय, बोलतोय, तर संशय कुणाला येणार? आणि त्या दिवशी बैठकीत एकानेही तोंड उघडलं नाही. आता मात्र पारावर बसून मला अक्कल शिकवतात.

आणखी एक. या माणसाने आम्हाला कशालाच नाही म्हटलं नाही. स्टेज किती फुटांचं? 'चालेल काका.' साउंड गावातलाच? 'चालेल.' रात्री बारापर्यंत? तेही चालेल! उघड्यावर दहाच्या पुढे स्पीकर वाजवायचा तर वेगळी सूट लागते, खऱ्या मॅनेजरने पोलिसांच्या परवानगीची झेरॉक्स आधी मागितली असती. खरी पार्टी साउंडची यादी पाठवते, खोल्या मागते, जीव नकोसा करते. जो काहीच मागत नाही, फक्त पैसे मागतो, त्याचा फोन तिथल्या तिथं ठेवून द्या.

बिलावर पत्ता अंधेरी पश्चिमचा. जीएसटी नंबर 09 ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे 27, तर 09 उत्तर प्रदेशचे. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता नंबर टाकून नाव बघता येतं. आम्ही बघितलं, पण पैसे गेल्यावर. निघालं सॅनिटरी सामानाचं दुकान. आरटीजीएस करताना स्क्रीनवर खातेदार म्हणून कुणा बाईचं नाव आलं, तर म्हणे 'सरांच्या अकाउंटंट मॅडम'. कंपनीचं बिल आणि माणसाचं खातं असलं की एक रुपया सोडू नका.

यात्रेच्या आदल्या संध्याकाळी फोन बंद. ऐन हंगामात फड कुठला मोकळा मिळणार? रात्री काय झालं ते सांगत नाही. स्टेजवाल्याचे 1,35,000 मात्र आम्ही चुकते केले, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

आता पोलिसांचं ऐका. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, आम्हाला कळेपर्यंत बहुतेक रक्कम पुढच्या खात्यांत वळती झाली होती. ठाण्यात गेलो तर 'हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा.' अहो, माणूसच खोटा तर व्यवहार कुणाशी झाला? मग म्हणाले, खातं परराज्यातलं, आमच्या हद्दीत येत नाही. नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवून घ्यायचा असं स्पष्ट आहे. मी ते छापून नेलं. साहेबांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, 'तुम्ही वकील आहात का?' शेवटी साधा अर्ज घेतला, गुन्हा नाही. व्हॉट्सॲपच्या सगळ्या चॅटच्या प्रिंट, प्रत्येक पानावर सही. ते देऊन आलो तर म्हणे सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणतात, तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. ठाणं म्हणतं, तसं पत्र आम्ही देत नाही. एका हवालदाराने तर हसत विचारलं, 'गाणं तरी ऐकलं का हो?' वर्गणी गावाची, घरटी 1,500 रुपये. ज्यांच्या घरी दुधाच्या पगारातून ती दिली त्यांना जाऊन सांगा म्हणावं हा विनोद.

आता लेखी अर्ज रजिस्टर एडीने पोलीस अधीक्षकांना पाठवलाय. तिथंही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, हेही त्याच कलमात आहे.

एका खात्यात 41,200 रुपये अडकवून ठेवलेत म्हणे. ते सोडवायला बँक कोर्टाचा आदेश मागते. वकील त्याचे 15,000 सांगतोय. ते कुणी द्यायचे यावर कमिटीच्या दोन बैठका मोडल्या.